प्रौढ वर्गात लोकशाही आणि खासगी माहिती कशी शिकवावी

ठाणे-नवी मुंबईत, म्हणजे कळव्यातल्या, दिघ्यातल्या किंवा किसननगरातल्या प्रौढ वर्गात फळ्यावर 'लोकशाही मूल्ये' असं लिहिलं की निम्मा वर्ग मनातून उठून जातो. 'डेटा संरक्षण' लिहिलं तर उरलेलाही जातो. पण सोसायटीच्या गेटवर आधारची झेरॉक्स का मागतात, लाडकी बहीणच्या ई-केवायसीला आलेला ओटीपी दुकानदाराला सांगितला तर काय होतं, मतदार यादीत सासूचं नाव आहे आणि माझं का नाही, हे प्रश्न याच लोकांच्या तोंडी रोज असतात. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. माझ्याबद्दल काही ठरवताना किंवा माझं काही घेताना मला विचारलं का, आणि मी नाही म्हटलं असतं तर ते चाललं असतं का? मतपेटीपुढे हाच प्रश्न असतो आणि फॉर्मपुढेही हाच. म्हणून हे दोन विषय वेगळे काढून शिकवू नयेत. इथे दिलेली सात सत्रं त्याच धाग्यावर बेतली आहेत.

'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाखाली वर्ग चालवत असाल तर यासाठी वेगळी परवानगी काढायची गरज पडू नये. १५ वर्षांवरील असाक्षरांसाठीच्या या कार्यक्रमात वाचन-लेखन-संख्याज्ञानाच्या बरोबरीनं जीवनकौशल्यांचा घटक आहे आणि त्यात आर्थिक, डिजिटल व कायदेविषयक साक्षरता येते. ही सत्रं तिथे बसतात.

वर्ग बसवताना

१२ ते १८ माणसं, दीड तासाचं सत्र, आठवड्यातून दोनदा. १२ च्या खाली गेलात तर गुप्त मतदानाचा सराव फसतो (का, ते पुढे येईल) आणि १८ च्या वर गेलात की मागचे गप्प बसतात.

वेळ लोकांच्या कामावरून ठरवा. घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारी अडीच ते चार ही एकच मोकळी वेळ असते. सकाळची कामं संपलेली, संध्याकाळची सुरू व्हायची. एपीएमसीच्या भाजी मार्केटात काम करणारे पहाटेपासून कामावर असतात, त्यांना रात्री आठचा वर्ग झेपत नाही. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या किंवा वागळे इस्टेटच्या कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं धरू नका, आधी विचारा.

जागा समाजमंदिर, शाळेची खोली, अंगणवाडी, बुद्धविहार, काहीही चालेल. पक्षाची शाखा किंवा कुणा इच्छुक उमेदवाराचं कार्यालय मात्र कितीही ऐसपैस आणि फुकट असलं तरी नको. तिथे बसलेला माणूस कुणाला मत देणार हे गृहीत धरलं जातं आणि मोकळं बोलणं पहिल्याच दिवशी थांबतं. आचारसंहिता लागू असेल तेव्हा सरावात खऱ्या पक्षांची नावं आणि चिन्हं चुकूनही वापरू नका. एरवीही टाळलेलीच बरी.

शिकवणारे दोघं हवेत. एक बोलतो, दुसरा कोण बोललं नाही ते बघतो. नवरा-बायको किंवा सासू-सून एकाच वर्गात असतील तर त्यांना वेगवेगळ्या गटांत बसवा. त्यासाठी कारण सांगायची गरज नाही, चिठ्ठ्या टाकून गट पाडा.

पहिलं सत्र: हजेरीपट

नेहमीचा हजेरीपट घ्या: नाव, वय, पत्ता, मोबाइल, आधार क्रमांक, जात, सही किंवा अंगठा. तो चार्ट पेपरवर मोठा काढून भिंतीला लावा, पण एकही रकाना भरू नका. मग रकान्या-रकान्यापाशी थांबून चार प्रश्न विचारा. हे कशाला हवं? कोण बघणार? किती दिवस ठेवणार? नाही दिलं तर काय होईल?

वर्ग सुरुवातीला म्हणतो, "लिहून घ्या ना ताई, सगळीकडे देतोच." इथे घाई करू नका. आधारच्या रकान्यावर बोट ठेवून शिकवणाऱ्यानं स्वतः उत्तर द्यायचं: 'हजेरीसाठी याचा मला काही उपयोग नाही.' मग मार्कर एखाद्या मावशींच्या हातात देऊन तो रकाना खोडायला लावा. तिथून वर्गात जीव येतो. जात, वय, घराचा पूर्ण पत्ता एकेक करून जातात. शेवटी बहुधा नाव आणि हवा असेल तर मोबाइल एवढंच उरतं. उल्लासच्या नोंदणीसाठी जास्त माहिती लागत असेल तर तो कागद वेगळा ठेवा, तो कुठे जातो ते सांगा आणि तो रोजच्या हजेरीत मिसळू नका.

याच सत्रात आणखी तीन गोष्टी उरकायच्या. फोटो: ज्यांना नको त्यांनी नावापुढे लाल टिकली लावायची, आणि फोटो काढणाऱ्यानं आधी ती यादी बघायची. शेजारणीला कळू नये म्हणून वर्गाला येणाऱ्या बायका असतात. पाटी धरलेला फोटो स्टेटसला गेला की त्या परत येत नाहीत. व्हॉट्सॲप: साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि रात्री अकराला अनोळखी 'हाय' येतात ते तिथूनच. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचत नाही, म्हणून नंबर सेव्ह करणं हा त्या दिवसाचा डिजिटल सराव. तिसरी गोष्ट, हजेरीपट कोणत्या तारखेला फाडायचा ते वर्गानं ठरवायचं आणि ती तारीख पटावरच लिहायची. देणगीदारानं 'लाभार्थ्यांची यादी' मागितली तर आकडे द्या, नावं नकोत. करारात नावं द्यायचीच असतील तर ते आधी वर्गाला सांगा आणि ज्यांना चालणार नाही त्यांना वगळा.

दुसरं सत्र: हात वर आणि चिठ्ठी

सगळ्या सत्रांत हे सर्वांत मोलाचं आहे, त्याला पूर्ण दीड तास द्या.

प्रश्न असा निवडा की खरं उत्तर द्यायला थोडी भीती वाटावी. 'शिकवणाऱ्या ताई सगळ्यांकडे सारखं लक्ष देतात का?' हा चांगला प्रश्न आहे. आधी हात वर करून मत घ्या आणि आकडा फळ्यावर लिहा. बहुतेक सगळेच हात वर जातात. मग तोच प्रश्न चिठ्ठीवर.

चिठ्ठीची तयारी नीट केली नाही तर सत्र वाया जातं. सगळ्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एका मापाच्या, साधारण वहीच्या पानाचा आठवा भाग. लिहायला सांगू नका. अक्षर ओळखू येतं आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शेजाऱ्याची मदत घ्यावी लागते. त्यामुळे चिठ्ठीवर आधीच दोन चित्रं छापा, सूर्य म्हणजे 'हो' आणि छत्री म्हणजे 'नाही', आणि खुणेसाठी एकच शिक्का किंवा एकच पेन आडोशामागे ठेवा. आडोसा म्हणजे बाकावर उभा केलेला पुठ्ठ्याचा खोका पुरतो, पण तो भिंतीकडे तोंड करून हवा. घडी सगळ्यांनी दोनदाच घालायची. पेटी रिकामी आहे हे सुरुवातीला उलटी करून दाखवायची आणि मोजणी शिकणाऱ्यांपैकी तिघांनी सगळ्यांसमोर करायची. शिकवणाऱ्यानं पेटीला हात लावायचा नाही.

दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा आणि गप्प राहा. फरक का पडला ते वर्ग सांगेल. गुप्ततेशिवाय खरं मत बाहेर येत नाही, हे कुणी व्याख्यान न देता कळतं. 'नाही'ची मतं निघाली तर शिकवणाऱ्यानं सफाई देत बसू नये आणि 'कोण म्हणालं?' हा विचार चेहऱ्यावरही आणू नये. वर्गात काय बदलायचं ते विचारा आणि एक गोष्ट त्याच दिवशी बदला. एवढं करायची तयारी नसेल तर हा प्रश्नच घेऊ नका.

पुढचा टप्पा बरेच जण सोडतात आणि तिथेच माहितीच्या रक्षणाचा गाभा आहे. समजा वर्गात एकच पुरुष आहे आणि तुम्ही बायकांच्या चिठ्ठ्या गुलाबी, पुरुषांच्या पांढऱ्या केल्या. नाव कुठेच नाही, तरी त्या दादांचं मत उघडं पडलं. हे प्रत्यक्ष करू नका, फळ्यावर दाखवा. नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं होत नाही. गट लहान असला की आकडाच बोट दाखवतो. निवडणुकीत मतदान केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, त्यामुळे 'तुमच्या गल्लीतून आम्हाला मतं पडली नाहीत, आता नळाचं काम विसरा' अशी धमकी देता येते. अनेक यंत्रांतली मतं एकत्र मोजणारं टोटलायझर निवडणूक आयोगानं याच कारणासाठी सुचवलं होतं, ते अजून वापरात आलेलं नाही. तरीही धमकी देणाऱ्याला गल्लीचा आकडा कळतो, तुमचं मत नाही. हे वेगळं करून सांगा, नाहीतर 'म्हणजे त्यांना सगळं कळतंच' अशी समजूत घट्ट होते आणि तुम्ही होतं त्याहून वाईट करून ठेवता.

शेवटची २० मिनिटं बहुमतासाठी. वर्गाची वेळ रात्री साडेआठची करावी का, यावर मत घ्या. १५ पैकी ११ 'हो' म्हणाले आणि उरलेल्या चौघींना त्या वेळी घराबाहेर पडता येत नसेल तर काय करायचं? वर्गाला उत्तर शोधू द्या. कुठल्या गोष्टी मताला टाकायच्याच नाहीत याची यादी इथून निघते. ती यादी तयार झाल्यावरच मूलभूत हक्कांची पानं उघडा. संविधानाची उद्देशिका पहिल्या दिवशी पाठ करून घेतली तर ती प्रार्थनेसारखी म्हटली जाते; इथे वाचली तर 'संधीची समानता' म्हणजे त्या चौघी, हे समोर बसलेलं असतं.

तिसरं सत्र: मतदार यादी आणि चार मतं

हे सत्र मुख्यतः सरावाचं आहे. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. जवळपास सगळ्या प्रभागांत चार जागा, अ, ब, क आणि ड, आणि मतदारानं प्रत्येक जागेसाठी एक मत द्यायचं असतं. एक बटण दाबून बाहेर यायला निघणं ही सगळ्यात मोठी चूक. चार रंगांच्या पत्रिका करा, प्रत्येकीवर फळांची चिन्हं आणि शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' ठेवा, आणि पत्रिका भिंतीवर ओळीनं लावून प्रत्येकाला चारही ठिकाणी खूण करायला लावा. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबूनच पुढे जायचं, जागा मोकळी सोडायची नाही.

यादीचा गोंधळ इथेच सोडवा. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेच्या यादीवरून प्रभागवार फोडलेली असते. त्यामुळे नाव नाही म्हणून ऐन वेळी महापालिकेत खेटे घालून उपयोग होत नाही. विधानसभेच्या यादीत ते आधीच असायला हवं. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी ७, पत्ता बदल आणि दुरुस्तीसाठी ८. भाड्याच्या खोल्या बदलत दिव्याहून ऐरोलीला आलेल्यांना आठच्या नमुन्याची गरज सगळ्यात जास्त असते आणि त्या नमुन्याचं नाव नेमकं त्यांनाच ठाऊक नसतं. चौकशीसाठी १९५० ला फोन. आधार जोडण्याचा नमुना ६-ब वेगळा आहे आणि तो ऐच्छिक आहे.

वर्गातून हमखास प्रश्न येतो: माहिती झाकायची म्हणता, मग मतदार यादी सगळ्यांना का दाखवतात? प्रश्न टाळू नका, फार चांगला आहे. खोटी नावं आणि मयतांची नावं लोकांनीच पकडावीत म्हणून यादी उघडी असते. तिच्यात मोबाइल नंबर छापलेला नसतो, कारण त्या कामाला तो लागत नाही. कामापुरती माहिती उघडी आणि बाकीची झाकलेली, हे हजेरीपटाच्या वेळी वर्गानं स्वतःच ठरवलेलं आहे.

चौथं सत्र: सोसायटीचं गेट

घोडबंदर रोड असो की पाम बीच, घरकामाला जाणाऱ्या बाईचा फोटो, मोबाइल आणि आधार गेटवरच्या ॲपमध्ये घेतला जातो. ती कुठल्या घरात किती वाजता गेली, किती वाजता निघाली, हे सगळ्या रहिवाशांना दिसू शकतं. काही ठिकाणी तिच्या कामाला तारेही (रेटिंग) मिळतात. तिला मात्र यातलं काहीच दिसत नाही.

तिघांचा प्रसंग करून घ्या. वॉचमन म्हणतो, "मावशी, आधारची झेरॉक्स द्या, नाहीतर एंट्री नाही." मावशींनी तीन प्रश्न विचारायचे: "दादा, हे कशाला लागतं? ठेवणार कोण? मी काम सोडल्यावर काढून टाकणार का?" वॉचमनला उत्तर माहीत नसतं, तो सेक्रेटरीला बोलावतो. सेक्रेटरीची भूमिका दुसऱ्या शिक्षकानं करावी आणि थोडी ताणून धरावी. सहज मान्य केलं तर खऱ्या गेटवर पहिल्याच वाक्याला धीर सुटतो. एकदा झालं की भूमिका बदला. वॉचमन झालेल्या बाईला कळतं की तोही हुकुमाचा ताबेदार आहे, त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

'कायदा तुमच्या बाजूनं आहे' असं सरसकट सांगून बाईला गेटवर पाठवू नका. जे पक्कं आहे तेच सांगा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. या कायद्यानं संमती मोकळेपणी दिलेली, ठरावीक कामापुरती, समजून दिलेली आणि बिनशर्त हवी. ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. आणि संमतीची सूचना मराठीत मागता येते. पण त्याच कायद्यात नोकरीशी संबंधित कामांसाठी आणि सरकारी लाभ देण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे, आणि सरकारी यंत्रणांना मोठी सूटही. ही बाजू लपवली तर पहिल्या नकाराला वर्गाचा विश्वास तुटतो.

म्हणून हातात येणारे उपाय शिकवा. पहिला, आधारऐवजी दुसरं ओळखपत्र पुढे करणं, उदाहरणार्थ मतदार ओळखपत्र. दुसरा, मास्क्ड आधार, ज्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ओटीपीनं उतरवता येतं. फाइलचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर गाडी इथेच अडते, म्हणून वर्गात किती जणांचा जोडलेला आहे ते आधीच विचारून ठेवा. सायबर कॅफेत प्रिंट काढली तर फाइल डाउनलोडमधून आणि नंतर रिसायकल बिनमधूनही पुसायला लावायची. पासवर्ड इतका साधा असतो की मागे राहिलेली फाइल उघडायला कुणालाही वेळ लागत नाही.

तिसरा उपाय झेरॉक्सचा. झेरॉक्सवर आडवं लिहायचं: 'फक्त गेट नोंदीसाठी', सोसायटीचं नाव, तारीख, सही. ही अक्षरं फोटो आणि क्रमांक यांच्यावरून गेली पाहिजेत. बहुतेक जण कडेच्या कोऱ्या जागेत लिहितात आणि ती कडा कापून पुन्हा झेरॉक्स काढली की लिहिलेलं गेलं. वर्गात एक झेरॉक्स कडेला लिहून कात्रीनं कापून दाखवा आणि दुसरीवर मधून लिहून कापायला सांगा. पेन निळं वापरा, मूळ छपाई आणि लिखाण वेगळं ओळखता येतं. सराव शिकवणाऱ्यानं बनवलेल्या खोट्या नावाच्या नमुन्यावर करायचा. शिकणाऱ्यांची खरी आधार कार्डं त्या दिवशी पिशवीतच राहू द्या.

आणि चौथा, जो एकटीनं होत नाही. एकाच सोसायटीत काम करणाऱ्या पाच-सहा जणींनी मिळून सेक्रेटरींना अर्ज द्यायचा: आमची कोणती माहिती ठेवली आहे ते सांगावं, आधारऐवजी दुसरं ओळखपत्र चालावं, काम सोडल्यावर नोंद पुसावी. तीन ओळींचा अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच. एकट्या बाईचं काम जाऊ शकतं, सहाजणींना एकदम काढणं सोपं नसतं. अर्ज वर्गातच लिहून घ्या आणि द्यायचा की नाही हे त्या सहाजणींनी चिठ्ठी टाकून ठरवावं. शिकवणाऱ्यानं यात पुढाकार घेऊन कुणालाही ढकलू नये. नोकरी त्यांची पणाला लागते.

पाचवं सत्र: फोन

शिकणाऱ्यांचे फोन हातात घेऊन शिकवायची सवय सोडा. कुणाच्या फोनवर काय आहे हे वर्गाला दिसता कामा नये, आणि 'ताईंना फोन दिला तरी चालतो' हा धडा तर नकोच. एक जुना, सिम नसलेला फोन सरावासाठी ठेवा. संदेश मोठ्या अक्षरांत कागदावर छापा: एक बँकेचा खरा, एक वीज कापण्याच्या धमकीचा, एक योजनेच्या पैशासाठी लिंक दाबायला सांगणारा. प्रत्येकात तीन गोष्टी शोधायच्या: कोण म्हणवतो, काय मागतो, घाई का करतो. नवसाक्षरांना पूर्ण संदेश वाचता आला नाही तरी चालेल. लिंक, आकडे आणि 'आजच', 'ताबडतोब' हे शब्द ओळखता आले की काम भागतं.

पक्क्या करून घ्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फोनवरून धमकावतात ती 'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काही नाही. कर्जाच्या ॲपनं फोनमधले नंबर, फोटो आणि कॉलची नोंद मागणं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनांपासून बंद आहे. मागितलं की ॲप काढून टाकायचं. पैसे गेलेच तर पहिल्या काही मिनिटांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँक. व्यवहाराचा क्रमांक तयार ठेवायचा, त्याशिवाय तक्रार रखडते. आपल्या नावावर किती सिम आहेत ते 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर दिसतं.

आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्यानं ओळख पटवणं बंद करून ठेवणं, शिकवाल तेव्हा जपून. अंगठ्यानं परस्पर पैसे काढण्याचे प्रकार त्यानं रोखता येतात, पण लॉक असताना रेशन दुकानातल्या यंत्रावरही अंगठा चालत नाही आणि बाई धान्याविना परत येते. तात्पुरतं उघडायचं कसं हे शिकवल्याशिवाय लॉक करायला लावू नका.

फसवलं गेलेलं माणूस वर्गात बोलत नाही. 'कुणाला असा अनुभव?' असं विचारू नका. 'एका बाईंना असा फोन आला, त्यांनी काय करायला हवं होतं?' असं विचारा. सत्रानंतर पंधरा मिनिटं थांबा, एखादी तरी वाट बघत उभी असते.

सहावं आणि सातवं: माहितीचा अधिकार

आतापर्यंत माणसाची माहिती झाकायला शिकवलं. आता सत्तेची माहिती उघडायला शिकवायची. याला दोन सत्रं लागतात, कारण पहिल्यात प्रश्न निवडायचा आणि दुसऱ्यात अर्ज खरोखर दाखल करायचा.

प्रश्न जवळचा हवा: वस्तीतलं सार्वजनिक शौचालय, नाल्याची सफाई, रस्त्याचं काम. माहिती अधिकार कायदा २००५ चा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना पुराव्यासह माफ. 'सफाई का होत नाही?' असं लिहिलं तर उत्तर मिळत नाही, कारण 'का' म्हणजे कागद नव्हे. असं लिहा: 'तुर्भे स्टोअर्स येथील अमुक शौचालयाच्या सफाईचं १ एप्रिल ते ३० जून या काळातलं कार्यादेश, ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती आणि पाहणी नोंदवहीच्या प्रती मिळाव्यात.' कागदाचं नाव, जागा आणि काळ, तिन्ही असलं की टाळायला जागा कमी राहते.

अर्जात माहिती कशासाठी हवी ते सांगावं लागत नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं, संपर्कापुरता तपशील पुरतो. खिडकीवर आधार मागितलं तर नम्रपणे हेच कलम सांगायचं. अर्ज संस्थेच्या नावानं नको, नागरिकाच्या नावानं हवा. कुणाच्या नावानं द्यायचा हे वर्गात मोठ्यानं ठरवू नका; ठेकेदाराची माणसं वस्तीतलीच असतात. जो स्वखुशीनं पुढे येईल त्याच्याशी धोका काय ते बोलून घ्या आणि शक्य असेल तर एकाच विषयाचे दोन-तीन अर्ज वेगवेगळ्या नावांनी जाऊ द्या.

दाखल करायला नवी मुंबईत विभाग कार्यालय आणि ठाण्यात प्रभाग समितीचं कार्यालय जवळ पडतं. एका वेळी चौघं-पाचजणं जा, सगळा वर्ग नेला तर मोर्चा आला असं वाटून सुरुवातच वाकडी होते. जनमाहिती अधिकाऱ्याचा फलक शोधणं, शिक्का मारलेली पोच घेणं, आवक क्रमांक वहीत लिहिणं, हे शिकणाऱ्यांनी करायचं. तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा. ज्यांना अजून नीट लिहिता येत नाही त्यांना अर्ज लिहून घेण्यात मदत करणं हे त्या अधिकाऱ्याचं कायदेशीर काम आहे, हेही तिथेच एकदा वापरून बघा.

पोच मिळाली की ३० दिवस मोजायचे. वर्ग तोवर संपलेला असतो, म्हणून तारीख दोघा-तिघांकडे लिहून ठेवा. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करायचं, आणि त्यासोबत मूळ अर्जाची आणि पोचेची प्रत जोडायची. अपिलाचा कोरा नमुना सातव्या सत्रातच प्रत्येकाच्या हातात देऊन ठेवा.